वाचकांचे प्रश्न: घरचा सिनेमा, घरचाच सर्व्हर

मागच्या अंकात म्हटलं होतं की घरी स्वतःचा मीडिया सर्व्हर (म्हणजे आपले व्हिडिओ, गाणी ठेवून घरातल्या टीव्ही-मोबाईलना पुरवणारं मशीन) लावण्याबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा. प्रश्न बरेच आले, सारखे होते ते एकत्र केलेत. निम्म्याहून जास्त लोकांनी विचारलंय की कुठला प्रोसेसर घेऊ, आणि डिस्क गेली तर काय हे विचारणारे मोजकेच. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे, ते खाली येईलच.

जुना सीपीयू पडून आहे, आय-5, सहावी जनरेशन, 8 जीबी रॅम. चार चार ओटीटीचे पैसे भरून वैताग आलाय. आपले सिनेमे, गाणी, लग्नाचे व्हिडिओ घरातल्या दोन टीव्हींवर आणि मोबाईलवर दिसायला हवेत. सर्व्हरचं सॉफ्टवेअर कुठलं, प्लेक्स की जेलीफिन? आणि हा सीपीयू चालेल की नवीन घेऊ? (मुलुंड पूर्व)

आधी एक सांगतो, ओटीटी बंद करायचं म्हणून सर्व्हर लावत असाल तर महिनाभरात घरातले लोक तुमच्यावर ओरडणार. नवीन सिनेमे त्यात आपोआप येत नाहीत, तुमच्याकडे जे आहे तेवढंच दिसतं. पण लग्नाची सीडी, बाबांनी रेकॉर्ड केलेलं भजन, मुलांच्या गॅदरिंगचा व्हिडिओ हे कुठल्या ओटीटीवर मिळणारे? त्यासाठी लावा, सिनेमे त्याच्यासोबत येतील ते येतील.

जेलीफिन घ्या. एम्बी नावाचा सर्व्हर आहे, त्यांनी 2018 मध्ये आपला सोर्स कोड बंद केला तेव्हा काही जणांनी आधीचा खुला कोड उचलून वेगळं घर मांडलं, तेच जेलीफिन. जीपीएल लायसन्स म्हणजे कोड सगळ्यांना खुला, सगळं फुकट, अगदी हार्डवेअर ट्रान्सकोडिंगसुद्धा (टीव्हीला न चालणारा व्हिडिओ चिपमधल्या खास भागाकडून चालेल अशा रूपात बदलून घेणं), ज्याचे प्लेक्समध्ये आणि एम्बीमध्ये पैसे पडतात. प्लेक्सची अ‍ॅप्स जास्त गुळगुळीत आहेत हे मान्य, पण त्याचा कोड बंद आहे, लॉगिन त्यांच्या कंपनीमार्फत होतं आणि घराबाहेरून आपलाच व्हिडिओ बघायला 2025 पासून पैसे लागतात. जेलीफिनमध्ये खातं तुमच्याच मशीनवर, त्यामुळे जुलैमध्ये केबलवाल्याची लाईन दोन दिवस मेली तरी घरातल्या घरात सगळं चालू राहतं.

सीपीयू चालेल, नवीन कशाला? सहाव्या जनरेशनच्या इंटेलमध्ये क्विक सिंक म्हणजे व्हिडिओ बदलणारा खास भाग आहे, एच.264 आणि 8 बिटचं एचईव्हीसी या व्हिडिओ साठवायच्या पद्धती त्याला आरामात जमतात. 10 बिटचं एचईव्हीसी सातव्या जनरेशनपासून, त्यामुळे 4केच्या (बहुधा 10 बिटच्या) फाईली असतील तर तिथे दमेल. खरा प्रश्न लाईटबिलाचा. जुना डेस्कटॉप नुसता बसून 50-60 वॅट खात असेल तर महिन्याला 40 युनिटच्या आसपास जातात, दहा वॅटवाला छोटा मिनी पीसी सात-साडेसात युनिटमध्ये भागवतो. लाईटबिल बघून तुमचं तुम्ही ठरवा. कधी नवीन घ्यायची वेळ आलीच तर इंटेल एन100 वाला मिनी पीसी बघा, घरासाठी त्याच्यापुढे जायची गरज नाही. उरलेल्या पैशात दुसरी डिस्क घ्या. परत वाचा, दुसरी डिस्क.

सीपीयूवर डेबियन ही लिनक्स सिस्टिम टाका, डेस्कटॉप वगैरे न घेता. जेलीफिनच्या साईटवर डेबियन आणि उबुंटूसाठी इन्स्टॉलची स्क्रिप्ट आहे, ती चालवली की ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आयपी, कोलन, 8096 टाकायचं आणि तिथून पुढे तो स्वतःच विचारत जातो. राऊटरमध्ये जाऊन त्या मशीनचा आयपी कायमचा बांधून ठेवा, नाहीतर लाईट जाऊन आली की आयपी बदलतो आणि आई फोन करते की "तुझं ते लागत नाहीये". डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) येत असेल तर डॉकर, येत नसेल तर एवढ्यासाठी शिकत बसू नका. आणि एक राहिलंच, घरात टीव्ही एकच असेल आणि मोबाईलवर कोणी बघत नसेल तर सर्व्हरचं झंझटच नको, टीव्हीला पेनड्राईव्ह लावा नाहीतर एका छोट्या मशीनवर कोडी हा प्लेअर टाका, झालं.

सगळं बसवलं, लायब्ररीत फोल्डर दिला, स्कॅन पण झालं, पण आत काहीच नाही! डिस्कवर तर 900 जीबी माल आहे. (गोरेगाव)

परमिशन. जेलीफिन स्वतःच्या वेगळ्या यूजरने चालतो आणि तुमची एक्स्टर्नल डिस्क डेस्कटॉपने तुमच्या नावावर माउंट केलेली, म्हणजे जोडलेली, असते, त्याला आत डोकावताच येत नाही. डिस्क एफएसटॅबमध्ये (कुठल्या डिस्क कुठे जोडायच्या त्या यादीच्या फाईलीत) यूयूआयडीने, म्हणजे डिस्कच्या ओळखक्रमांकाने, लिहून एखाद्या साध्या जागी माउंट करा, सोबत नोफेल टाका म्हणजे डिस्क नसली तरी मशीन बूट होईल, आणि जेलीफिनच्या यूजरला त्या फोल्डरवर आणि त्याच्या वरच्या सगळ्या फोल्डरांवर वाचायची परवानगी द्या. वरच्या फोल्डरचं लोक विसरतात.

दादा, अकरावीत आहे. बाबांनी रास्पबेरी पाय 5 हा छोटा संगणक घेऊन दिलाय. त्यावर जेलीफिन चालेल का? (दादर)

चालेल रे, पण एक लक्षात ठेव, पाय 5 मध्ये व्हिडिओ एनकोड करणारं हार्डवेअरच नाहीये, त्यामुळे फाईल आहे तशी पाठवणं एवढंच त्याच्याकडून होईल, बदलून दे म्हटलं की गुडघे टेकेल. तुझा टीव्ही ज्या फाईली सरळ वाजवतो त्याच ठेव. गाण्यांसाठी मात्र पाय मस्त आहे, नेव्हिड्रोम टाक, अगदी हलकं सॉफ्टवेअर आहे आणि सबसॉनिक या पद्धतीने सर्व्हरशी बोलणारी मोबाईलवरची सगळी अ‍ॅप्स त्याला जोडता येतात. चार्जर मोबाईलचा लावू नको, 5 अँपियरचाच घे, कारण त्याच्याहून कमीचा दिसला की पाय यूएसबीचा करंट 600 मिलिअँपियरवर आणतो, मग हार्ड डिस्क मध्येच गायब होते आणि तू सॉफ्टवेअरला शिव्या देत बसतोस. मेमरी कार्डावर फक्त सिस्टिम, माल डिस्कवर.

लॅपटॉपवर सिनेमा मख्खन चालतो, हॉलमधल्या टीव्हीवर तोच अडकत अडकत, गोल फिरत बसतो. नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागेल का? (बोरिवली पश्चिम)

नको, थांबा. अडकतंय तेव्हा ब्राउझरमध्ये जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडून बघा, कोण काय बघतंय ते तिथे दिसतं, आणि फाईल सरळ जातेय की ट्रान्सकोड होतेय, होत असेल तर कशामुळे, तेही लिहिलेलं असतं. हे न बघता खर्च करणारे इतके आहेत की लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटरवाल्यांची निम्मी विक्री त्यातूनच होत असेल.

ट्रान्सकोड होत असेल तर तीन कारणं बघायची. टीव्हीला तो व्हिडिओ कोडेक (एच.264 सारखी साठवायची पद्धत) येत नाही, किंवा आवाजाचा फॉरमॅट येत नाही, डीटीएस असेल तर बऱ्याच टीव्हींना येत नाहीच, पण नुसता आवाज बदलायला फार ताकद लागत नाही, ते कुठलंही मशीन करतं. तिसरं कारण कोणाच्या डोक्यातच येत नाही ते म्हणजे सबटायटल. ब्लू-रेवरून काढलेली सबटायटलं मजकूर नसतात, चित्रं असतात, बऱ्याच टीव्हींना ती वेगळी दाखवता येत नाहीत, मग सर्व्हर बिचारा प्रत्येक फ्रेमवर ती छापून आख्खा सिनेमा नव्याने एनकोड करत बसतो. सबटायटल बंद करून बघा, सुरळीत चाललं तर दुखणं सापडलं. त्याऐवजी एसआरटी ही साध्या मजकुराची फाईल ठेवा, यूटीएफ-8 (युनिकोड) मध्ये सेव्ह केलेली, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं. तरीही चौकोनच दिसले तर जेलीफिनच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये फॉलबॅक फॉन्टची सोय आहे, तिथे नोटो सॅन्स देवनागरी ठेवून बघा.

ट्रान्सकोड होत नसेल आणि तरी अडकत असेल तर वायफाय. आपल्याकडे बिल्डिंगमध्ये प्रत्येक घरात एक राऊटर, सगळे 2.4 गिगाहर्ट्झवर, आणि मध्ये दोन भिंती. टीव्ही 5 गिगाहर्ट्झवर टाका किंवा सरळ लॅनची वायर ओढा, पट्टी मारून. सर्व्हर तर वायरवरच हवा, सर्व्हर वायफायवर ठेवला की प्रत्येक सिनेमा हवेतून दोनदा जातो, एकदा राऊटरकडे आणि एकदा टीव्हीकडे. यात एक गंमत आहे, बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट 100 एमबीपीएसचंच असतं, अगदी महागड्यांचंसुद्धा. डीव्हीडी जास्तीत जास्त 10 च्या आसपास, साधी ब्लू-रे 40-50, तिथपर्यंत काही प्रश्न नाही, 4के डिस्कची फाईल मात्र कधीकधी 100 च्या वर उसळी मारते, तेव्हा वायरपेक्षा चांगलं 5 गिगाहर्ट्झचं वायफाय बरं पडतं.

आमच्याकडे माळ्यावर एक पेटी भरून लग्नाच्या, मुंजीच्या व्हीसीडी, दोन व्हीएचएस आणि वडिलांच्या आवाजातल्या कॅसेट आहेत. आई 78 वर्षांची आहे, तिला टीव्हीवर बघायचंय. लिनक्सवर व्हीसीडी कॉपी करायला घेतली की एरर येतो. सीड्या गेल्या का? (गिरगाव)

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, बाकीच्यांनी पण वाचा. आणि नाही, सीड्या गेल्या असतीलच असं नाही. व्हीसीडीवरचा व्हिडिओ साध्या डेटा सीडीसारखा लिहिलेला नसतो, चुका दुरुस्त करायची जास्तीची माहिती काढून टाकून त्या जागेत पण व्हिडिओच भरलेला असतो, म्हणून लिनक्सवर नेहमीच्या कॉपीला तो वाचता येत नाही. व्हीसीडीइमेजर नावाचं जुनं पण चांगलं ओपन सोर्स पॅकेज आहे, त्यात व्हीसीडीएक्सरिप आहे, ते वापरा, सरळ एमपीजी फाईल हातात येते. विंडोजवाल्या कोणाकडे ड्राईव्ह असेल तर तिथे एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाईल साधी कॉपी होते आणि व्हीएलसीमध्ये वाजते. ओरखडे असतील तर मऊ कापडाने मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नाही, आणि एका ड्राईव्हने नाही वाचली तर दुसऱ्यात घालून बघा, जुने ड्राईव्ह कधीकधी जास्त हट्टी निघतात. पण वेळ घालवू नका. त्या काळात लग्नवाले कुठल्याही ब्रँडच्या सीडीवर बर्न करून द्यायचे, ती मूळची छापील सीडी नसते, तिचा रंग मुंबईच्या हवेत कधी दगा देईल सांगता येत नाही.

ती मूळ फाईल कधी पुसू नका. टीव्हीसाठी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून एच.264 ची एक प्रत काढा आणि ती जेलीफिनमध्ये ठेवा. चित्र 352 बाय 288 चं असतं, मोठ्या टीव्हीवर धूसर दिसणारच, ते ताणून रुंद करू नका, सगळे जाडे दिसतात. डीव्हीडी असतील तर हँडब्रेकमध्ये डीइंटरलेस चालू करा, नाहीतर वरात चालताना कडेने कंगव्यासारख्या रेघा येतात.

व्हीएचएस आधी उजेडात धरून खिडकीतून बघा. टेपवर पांढरी पावडर दिसली तर बुरशी आहे, व्हीसीआरमध्ये घालायची नाही, हेड पण जातो आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. ते काम करणाऱ्याकडे द्या. स्वच्छ असेल तर व्हीसीआरची पिवळी-लाल-पांढरी वायर, एक यूएसबी कॅप्चर आणि ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, एवढ्यात होतं. ऑडिओ कॅसेट मात्र घरी करा, सोपं आहे. चांगला डेक मागून आणा, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, लाईन इनमध्ये वायर, ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर उघडा, आवाजाचा काटा लाल होऊ देऊ नका, आणि फ्लॅकमध्ये सेव्ह करा, एमपी3 मध्ये नको. फ्लॅकमध्ये आवाज काडीचाही कमी होत नाही, जागा वेव्हच्या साधारण निम्मी लागते. 90 ची कॅसेट दीड तास घेणार, त्याला शॉर्टकट नाही, स्वयंपाक करता करता लावून ठेवा, आई ऐकेल पण.

जेलीफिनमध्ये यासाठी 'होम व्हिडिओज' प्रकारची वेगळी लायब्ररी करा, सिनेमांच्या लायब्ररीत टाकलंत तर तो नेटवर शोधाशोध करून तुमच्या मुंजीला कुठल्यातरी परदेशी सिनेमाचं पोस्टर चिकटवेल. आईसाठी वेगळा यूजर, तिला फक्त ही एकच लायब्ररी दिसू दे. पहिल्याच स्क्रीनवर मोठं चित्र आणि 'वहिनीचं लग्न' असं नाव, की रिमोटचं एक बटण पुरे.

नाट्यसंगीत आणि भावगीतांची 4000 गाणी आहेत. नेव्हिड्रोममध्ये एकच गायिका चार वेळा येते, मराठीत, इंग्रजीत, एकदा स्पेलिंग चुकलेली, एकदा अगम्य अक्षरात. (विलेपार्ले)

तो फाईलीचं नाव किंवा फोल्डर बघत नाही, फाईलीच्या आतले टॅग (गायक, अल्बम वगैरे लिहिलेली माहिती) बघतो. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे टॅग भरणारं सॉफ्टवेअर घ्या, पण मराठी जुन्या गाण्यांचं आपोआप फार सापडणार नाही, हाताने करायची तयारी ठेवा. एक लिपी ठरवा, देवनागरी ठरवली तर देवनागरीच. अगम्य अक्षरं म्हणजे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं किंवा चुकीच्या एनकोडिंगमध्ये वाचलेलं, ते नव्याने लिहिलेलं लवकर होतं. अल्बम आर्टिस्ट हा वेगळा टॅग असतो, संग्रहाच्या अल्बमला तिथे एकच नाव द्या, नाहीतर एक अल्बम दहा तुकड्यांत दिसतो. नाटकाचं नाव अल्बममध्ये, संगीतकार कंपोझरमध्ये. रोज एक नाटक घ्या, दिवाळीपर्यंत होईल.

सिनेमांच्या लायब्ररीत पण हेच दुखणं असतं. फोल्डरला नाव आणि कंसात वर्ष द्या, एका नावाचे दोन मराठी सिनेमे असले तरी वर्षामुळे बरोबर ओळखतो.

मुलगी पुण्यात हॉस्टेलला आहे, तिला घरचा सर्व्हर लागायला हवा. राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी सर्व्हरकडे पाठवायची सेटिंग) केलं, काही होत नाही. (अंधेरी पूर्व)

होणारच नाही बहुतेक, कारण तुम्हाला स्वतःचा आयपी मिळालेलाच नाही. आयपीव्ही4 चे पत्ते कमी पडले म्हणून बरेच प्रोव्हायडर शेकडो घरांना मिळून एक सार्वजनिक पत्ता देतात, आख्ख्या चाळीला एकच पत्रपेटी असावी तसं, तुमच्या खोलीचा नंबर बाहेर कोणाला माहीतच नाही. राऊटरमध्ये वॅन आयपी, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा, 100.64 ते 100.127 मध्ये सुरू होत असेल तर हेच आहे.

आणि खरं सांगू का, झालं नाही ते बरं झालं. 8096 असा उघडा जगापुढे टाकायचा नाही, त्यावर एन्क्रिप्शन नसतं आणि असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. सर्व्हरवर आणि मुलीच्या लॅपटॉपवर टेलस्केल टाका, ते दोन्ही मशीनना खाजगी वाटेने जोडतं, वायरगार्ड या व्हीपीएनवर चालतं, घरगुती वापराला फुकट आहे, तिला सर्व्हरचा 100 ने सुरू होणारा एक खाजगी पत्ता मिळेल, त्यापुढे 8096, काम झालं. राऊटरला हातसुद्धा लावायला नको. टेलस्केलचा मधला सर्व्हर कंपनीचा आहे, ते नको असेल तर हेडस्केल हा खुला पर्याय आहे पण त्याला बाहेर भाड्याचं मशीन लागतं, एका मुलीसाठी मी ते करणार नाही. तुमच्या प्लॅनचा अपलोड स्पीड किती आहे तेवढं बघा, डाउनलोड नाही, आणि जेलीफिनमध्ये बाहेरच्यांसाठी बिटरेटची मर्यादा 4-5 एमबीपीएस ठेवा. हॉस्टेलच्या वायफायने टेलस्केल अडवलंच तर मोबाईलचा हॉटस्पॉट.

हे सगळं कायदेशीर आहे का? ग्रुपवर येणारे सिनेमे ठेवले तर? (परळ)

सॉफ्टवेअर शंभर टक्के कायदेशीर. ग्रुपवर येणारे नवे सिनेमे नाहीत, त्यात मला ओढू नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात स्वतःच्या खाजगी वापराला सवलत आहे, पण 2012 च्या दुरुस्तीने डिस्कवरचं कुलूप तोडण्याबद्दल वेगळं कलम आलंय, त्यामुळे विकतच्या डिस्कबद्दल मी छातीठोक काही सांगणार नाही. सिनेमाचा हक्क 60 वर्षांनी संपतो, तेव्हा प्रभातच्या काळातले सिनेमे बिनधास्त. सोसायटीच्या गणपतीत पडदा लावून नवा सिनेमा दाखवलात तर तो मात्र घरगुती वापर राहत नाही.

दोन डिस्कचं रेड करून ठेवलंय, म्हणजे तोच माल दोन्हींवर, बॅकअपची चिंता नाही ना? लाईट पण जाते मधून मधून. (भांडुप)

आहे चिंता. रेडमध्ये एक डिस्क मेली तर दुसरी चालते, एवढंच. चुकून डिलीट केलं तर दोन्हीकडून त्याच क्षणी जातं, विजेचा झटका बसला तर दोन्ही एकाच डब्यात. रेड मोडा, दुसरी डिस्क वेगळी करा, आठवड्यातून एकदा लावा, आरसिंक हा कॉपी करणारा प्रोग्रॅम चालवा, काढून कपाटात ठेवा. सिनेमे नाही गेले तरी चालतील, परत मिळतात. माळ्यावरच्या पेटीतलं जे आहे त्याची तिसरी प्रत घराबाहेर, डोंबिवलीच्या मावशीकडे, बहिणीकडे, कुठेही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता, तळमजल्यावर राहणाऱ्या कुणालाही विचारा अल्बमांचं काय झालं. मुलुंडवाल्यांना मी प्रोसेसर सोडा म्हणालो ते याच्यासाठी.

लाईटसाठी 600 व्हीएचा साधा यूपीएस पुरे. यूएसबीची वायर सर्व्हरला जोडता येणारा मॉडेल बघून घ्या आणि नट नावाचं सॉफ्टवेअर टाका, बॅटरी संपायच्या आत मशीन स्वतः नीट बंद होतं. राऊटर पण त्याच यूपीएसवर लावा. मशीन टीव्हीच्या बंद कपाटात कोंबू नका, जमिनीवर तर नाहीच.